कुणाचं कोकरू कुणाला

“ही न्हाई, वहिनी. ही त्याची आय न्हाई.”

मी सांगेपर्यंत मेंढीने ढुशी मारलीच होती. कोकरू कोलमडून मातीत पडलं, उठलं आणि पुन्हा त्याच मेंढीकडे निघालं. वनितावहिनीने त्याला उचललं, दोन्ही हातांत धरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, समोर ओरडत उभ्या असलेल्या मेंढ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “वन्सं, मला तर सगळी एकाच तोंडाची दिसतात.”

“एकाच तोंडाची कशी असतील? नीट बघ की. हे मोरीचं हाय.”

“कशावरून?”

“कशावरून म्हंजे? मोरीचंच हाय ते.”

यापलीकडे मला काही सांगता येत नव्हतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन, आणि आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नाही याचा मला मनापासून राग यायचा. वहिनी सतरा-अठराची. तिला माझा राग आला असता तरी तो दाखवायची सोय नव्हती, कारण मी नणंद होते.

आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की आमचा वाडा कोकणात उतरायचा. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. पाच-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री, घोडी आणि घोड्यांच्या पाठीवर लादलेला संसार, या सगळ्याला मिळून आम्ही वाडा म्हणतो. भातकापणी झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची. शेताला खत मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. पावसाच्या आत घाट चढून परत गावी यायचं. पुरुष दिवसभर कळप घेऊन रानात असायचे. बाकीचं सगळं बायकांकडे, आणि त्यातलं सगळ्यात नाजूक काम संध्याकाळचं.

दिवसभर कोकरं वाघरीत असायची. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेल्या जाळ्याचं कुंपण. संध्याकाळी कळप परत यायचा तेव्हा मेंढ्यांचे सड दुधाने तटतटलेले आणि कोकरं भुकेने वेडी झालेली. एकदम सोडली तर दांडगी कोकरं दोन-दोन, तीन-तीन मेंढ्यांना लुचणार आणि अशक्त तशीच राहणार. पहिलटकरीण मेंढी तर गोंधळात आपलं पोर जवळच घेत नाही. म्हणून कुणीतरी वाघरीत उभं राहून एकेक कोकरू उचलायचं आणि ज्याचं त्याच्या आईला लावायचं. हे काम माझी आई करायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दिवेलागणीला तिला मेंढी कुठली आणि दगड कुठला ते दिसेना, तेव्हापासून ते माझ्याकडे आलं. मला ते कुणी शिकवलं नाही. मी रांगत होते तेव्हापासून कोकरांतच होते.

याच कौशल्याने माझा घात केला होता.

त्याचं असं झालं. आम्ही गावी असायचो ते पावसाळ्याचे चार महिने. तेवढे दिवस मी शाळेत जायचे. दिवाळीला वाडा निघाला की माझी शाळा संपायची. पुढच्या पावसाळ्यात गुरुजी मला पुन्हा दुसरीतच बसवायचे. अशी मी तीनदा दुसरीत बसले. दुसरीचं अर्धं पुस्तक मला न बघता म्हणता यायचं आणि उरलेल्या अर्ध्यात काय आहे याचा पत्ता नव्हता. इतर मुलांकडून ऐकलं होतं की पुढे जोडाक्षरं आहेत, हातच्याची वजाबाकी आहे आणि एका माकडाची लांबलचक गोष्ट आहे. त्या माकडाचं पुढे काय झालं हे मला कुणी धड सांगितलं नाही. त्या अर्ध्या पुस्तकासाठी मी तळमळत होते असं म्हटलं तर आज कुणाला हसू येईल, पण तसंच होतं.

त्या वर्षी भाद्रपदात हुलगे गुरुजी आमच्याकडे आले. ते आमच्याच समाजाचे. तालुक्याच्या गावाला भटक्यांच्या मुलामुलींसाठी निवासी शाळा निघाली होती, तिथे ते शिकवायचे आणि सुट्टीत वाड्यावाड्यांवर फिरून मुलं गोळा करायचे.

“राहणं, जेवण, कपडे, सगळं शाळेकडं, कारभारी,” ते माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले. “पोरगी हुशार आहे. जूनला पाठवा.”

“हुशार हाय म्हनूनच न्हाई म्हनतोय, गुरुजी,” आबा म्हणाले. “बिनकामाची असती तर आजच तुमच्या सायकलीवर बशिवली असती. आमच्या चुलत्याचं पोरगं न्या की. त्येला मेंढरू अन् कुत्रं ह्यातला फरक कळत न्हाई.”

गुरुजी हसले, पण उठले नाहीत. शेवटी आई बोलली. “डोळं गेलं माझं, गुरुजी. ही गेली तर वाघरीत हुबं कोन ऱ्हानार? कोकरं मेली तर आमी काय खायाचं?”

“सून आहे की तुमची.”

“ती आताशी आलीया. घर एका जागी असलेल्यातली हाय ती.” आई माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली, “म्हाळू, वनितेला शिकीव. हंगामभरात तिला साधलं तर तू जा साळंला. न्हाई साधलं तर बस माझ्यापाशी.”

“मी चैत्रात वाड्यावर येतो,” गुरुजी म्हणाले. “तेव्हा काय ते सांगा.”

म्हणजे माझी शाळा वहिनीच्या हातात गेली.

वहिनी त्याच वैशाखात बिरूदादाशी लग्न होऊन आली होती. नववी पास. आमच्या वाड्यातली सगळ्यात शिकलेली बाई. दुसरी कुणी शिकलेली नव्हतीच, त्यामुळे तो मान तिला विनासायास मिळाला. दहावीचं वर्ष तेवढं राहिलं होतं. पुस्तकं माहेरी ठेवून एक भूगोलाचं तेवढं तिने बरोबर आणलं होतं, का तर म्हणे त्यात नकाशे आहेत. ते तिच्या लुगड्यांच्या घडीत असायचं आणि वाडा हलला की घोड्यावरून आमच्याबरोबर हलायचं.

पहिला महिना मी तिला जे शिकवलं त्याला शिकवणं म्हणणं जिवावर येतं. मी ओरडायचे, ती चुकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने कोकरू खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “वन्सं, असं नको. मला एकेकाची एकच खूण सांगा. एकच.”

मी सांगायला गेले आणि अडले. मोरीचं कोकरू मोरीचंच कशावरून? मग मी त्याच्याकडे निरखून बघितलं. त्याचा डावा कान टोकाला दुमडलेला होता. काळतोंडीच्या कोकराच्या खुरांवर पांढरं होतं. शिंगीचं ओरडायचं ते घोगरं. हे सगळं मला ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. वहिनीला सांगता सांगता मला ते पहिल्यांदा कळलं, आणि मला फार मजा वाटली. त्या दिवसापासून मी ओरडायची थांबले.

मग आमचा एक व्यवहार ठरला. दुपारी पुरुष रानात, आई झाडाखाली पडलेली. तेव्हा वहिनी खाचरातल्या मऊ मातीवर काटकीने मला जोडाक्षरं काढून दाखवायची. तिने एक अक्षर शिकवायचं, मी एक कोकरू. संध्याकाळी तिची उजळणी, दुसऱ्या दुपारी माझी. माझी गाडी भराभर पुढे गेली. मातीवरची अक्षरं संपल्यावर तिने भूगोलाचं पुस्तक काढलं. मी अडखळत वाचायचे, ती भाकरीचं पीठ मळता मळता दुरुस्त करायची.

तिची गाडी मात्र विचित्र चालली. पौषात निम्मी-अधिक कोकरं तिला साधली होती. मी आईला तसं सांगितलंही. माघ लागला आणि ती पुन्हा चुकायला लागली. कालपर्यंत बरोबर लावलेलं आज दुसरीकडेच नेऊन लावायची. शिंगीचं घोगरं ओरडणारं कोकरू तर तिने लागोपाठ तीन संध्याकाळी तीन वेगवेगळ्या मेंढ्यांना लावलं. ते चांगलं धष्टपुष्ट होतं, ढुश्या खाऊन पुन्हा उभं राहायचं. एक पुढच्या पायाने अधू कोकरू होतं, आणि दोन-तीन उशिरा जन्मलेली, काडीसारखी. ती तिची कधी चुकली नाहीत. पण अधू आणि बारकं ओळखायला काय लागतं, असं म्हणून मी त्याचे गुण धरले नाहीत.

एका संध्याकाळी मला रडू आलं. मी वाघरीच्या खुंटीपाशी बसून रडले. वहिनी जवळ आली, उभी राहिली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“जमंल की,” आई लांबून म्हणाली. “न्हाई जमलं तरी काय बिघडत न्हाई.” तिच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं. मी तिच्याजवळ राहिले असते तर तिला हवंच होतं, आणि ते तिने कधी लपवलं नाही.

फाल्गुनात मला ताप भरला. मी चार-सहा दिवस घोंगडीत पडून होते. त्याच दिवसांत रानात बिबट्याने आमची एक मेंढी नेली. तिचं कोकरू मागे राहिलं. भुरी म्हणून एक मेंढी होती, तिचं कोकरू हगवणीने गेलं होतं. वहिनी पाण्याला गेलेली असताना आईने पहाटे ते पोरकं कोकरू भुरीला लावून दिलं. भुरीच्या दुधानेच त्याचं अंग माखलं, भुरीचं तोंड धरून ठेवलं, आणि दोन-तीन दिवसांत भुरीने ते आपलं मानलं. हे आईने मला तापात असताना सांगितलं. मी उठल्यावर संध्याकाळी ते भुरीला मीच लावायचे. वहिनीला सांगायचं राहूनच गेलं.

चैत्रात आम्ही महाडच्या बाजूला होतो. दुपारची वेळ होती. हुलगे गुरुजी एसटीने उतरून उन्हातून चालत आले, चेहरा लाल झालेला, खांद्याला शबनम. त्या दिवशी आबा कळपामागे गेले नव्हते. दादा गेला होता. वहिनीने पाणी दिलं आणि चुलीशी जाऊन बसली.

“काय म्हाळसा, विसरलीस की आठवतंय काही?” गुरुजींनी विचारलं.

मी धावत जाऊन वहिनीच्या लुगड्यांतून भूगोलाचं पुस्तक काढून आणलं. गुरुजींनी ते उलटसुलट पाहिलं. “अगं, हे दहावीचं आहे.”

“वहिनीचं हाय. वाचू?”

त्यांनी मधलंच एक पान उघडून दिलं. ते पान आम्ही दोघींनी मिळून वाचलेलं नव्हतं. मी बोट ठेवून सुरुवात केली. सह्याद्रीला अडून ढग पश्चिमेच्या उतारावर भरपूर पाऊस देतात. पूर्वेकडच्या पठारावर पोचेपर्यंत त्यांच्यात पाणी उरत नाही. या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मी ‘पर्जन्यछायेचा’वर दोनदा अडले, मग ते पार केलं.

“वाचलंस खरं,” गुरुजी म्हणाले. “पण म्हणजे काय ते कळलं का?”

मी जरा विचार केला. “म्हंजे आमचं गाव,” मी म्हणाले. “पाऊस समदा डोंगराच्या ह्या अंगाला पडतो. आमच्याकडं डोंगराची नुसती सावली पडती. म्हनून मेंढरांना तिकडं चारा ऱ्हात न्हाई. म्हनून आपुन हिकडं येतो.”

आबांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

“पुस्तकात आपलं गाव हाय?” त्यांनी विचारलं.

“नाव न्हाई, आबा. पर हाय.”

“आन् आपुन का चालतो ते बी हाय?”

“ते न्हाई. ते मी म्हनलं.”

आबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे. मी वहिनीकडे पाहिलं, कारण शाबासकी खरी तिची होती. ती भाकरी थापत होती. परातीतली भाकरी थापून झाली होती तरी तिचे हात तिच्यावरच होते, आणि तव्यावरची जळत होती. आई म्हणाली, “वनिते, वास येतोय.” तेव्हा तिने ती उलटली.

संध्याकाळी कळप आला. गुरुजी मुक्कामाला थांबले होते. आईने मला चुलीपाशी बसवलं.

“हितनं हालायचं न्हाई. त्वांडातनं शबूद काढायचा न्हाई. वनिते, जा तू वाघरीत.”

परीक्षा कशी घ्यायची हा प्रश्नच नव्हता. गुण देणार होत्या मेंढ्या. कोकरू पुढे केलं की मेंढी त्याचं शेपूट हुंगते. आपलं असलं तर पाय रोवून उभी राहते, नसलं तर ढुशी मारते. आई वाघरीला टेकून बसली. तिला दिसत नव्हतं, पण ढुशीचा आवाज आणि हिसडलेल्या कोकराचं ओरडणं तिला ऐकू येणार होतं.

वहिनी आत गेली. पदर खोचला. पहिलं कोकरू उचललं ते मोरीचं. मोरीला लावलं. मोरी उभी राहिली. दुसरं काळतोंडीचं. तेही बरोबर. शिंगीचं घोगरं कोकरू तिच्या हातात आलं तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते शिंगीखाली गुडघे टेकून शेपूट हलवत होतं.

मग ती थांबलीच नाही. वाकायची, उचलायची, चार पावलं चालायची, लावायची. कोकराकडे बघायचीसुद्धा नाही. आई काय किंवा मी काय, आम्ही कधी केलं नव्हतं इतक्या झपाट्याने ती ते काम करत होती. वाघर रिकामी होत गेली. एकेक आवाज बंद होत गेला, कारण भरल्या तोंडाने कोकरू ओरडत नाही. शेवटी एकच उरलं. ते पोरकं.

भुरीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. तोंड उघडायची बंदी होती. वहिनीने ते कोकरू छातीशी धरलं आणि उभी राहिली. पहिल्यांदाच ती थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, ती मदत मागते आहे, आणि मी काही करू शकत नव्हते.

मग ती वळली, सरळ चालत कळपाच्या पार टोकाला गेली आणि कोकरू भुरीला लावलं.

आई उठून वाघरीत गेली, रिकाम्या जागेत हात फिरवला, आणि म्हणाली, “साधलं गं बाई हिला.” आणि डोळ्यांना पदर लावला. “न्या, गुरुजी.”

रात्री निजताना वहिनीने भूगोलाचं पुस्तक माझ्या उशाशी ठेवलं. “ठेव तुला,” ती म्हणाली. ती मला अगं-तुगं करत नसे. तेवढंच एकदा केलं. मला त्या पुस्तकाचा इतका आनंद झाला की आणखी काही विचारायचं सुचलं नाही.

जूनमध्ये मी शाळेत गेले. दुसरीचं उरलेलं अर्धं पुस्तक दहा दिवसांत संपवलं. माकडाची गोष्ट काही विशेष नव्हती. पुढे दहावी, बारावी, डी.एड. झालं, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. मला दुसरीचाच वर्ग मिळाला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायची वेळ आली की मी वहिनीची हकीकत सांगायचे. अकराव्या वर्षी मी माझी पहिली विद्यार्थिनी तयार केली, आणि तिने शंभर टक्के गुण मिळवले, असं म्हटलं की सभागृह हसायचं. मला ते हसणं आवडायचं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी वाड्यावर गेले. आई त्याच्या आदल्या साली गेली होती. आबा थकले होते. वाडा आता वहिनीच्या शब्दावर चालत होता. तिची बोलीही पुरती आमच्यासारखी झाली होती. तिची लेक अश्विनी नऊ वर्षांची, ती माझ्याच जुन्या शाळेत होती आणि सुट्टीला आली होती.

संध्याकाळी कळप आला. मी हौसेने पदर खोचून वाघरीत शिरले. पहिलं कोकरू उचलून लावलं आणि मेंढीने अशी ढुशी दिली की माझा चष्मा मातीत पडला.

“बाई, साळा शिकून इसरलासा,” वहिनी म्हणाली आणि खळखळून हसली.

मी चष्मा पुसला. “अश्विनी, ये गं, आत्याला मदत कर. हे कुणाचं?”

“मला न्हाई येत,” अश्विनी चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली. तिच्या मांडीवर पुस्तक होतं.

“मग कुणाला येतं?”

“आईला.”

मी वहिनीला चिडवलं. “हे हो काय? मी तुम्हाला एका हंगामात शिकवलं. तुम्हाला नऊ वर्षांत लेकीला शिकवता आलं नाही?”

वहिनीने हातातलं कोकरू लावलं, दुसरं उचललं. “एका हंगामात व्हय,” ती म्हणाली. “वन्सं, मला पौषाच्या आखरीलाच समदी येत हुती.”

मला आधी कळलंच नाही. “मग माघात चुकत का होतात?”

“मुद्दाम.”

ती कामात होती. एकेक कोकरू जात होतं, आणि ती मधूनमधून बोलत होती. “तुमाला ठावं न्हाई. आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, मला बाजूला घिऊन सांगितलं हुतं. वाघरीला एक मानूस पायजे. म्हाळू ऱ्हायली तर तू फुडच्या साली म्हायेरी ऱ्हा अन् धावीचा पेपर दे. लगनात तसं ठरलंच हुतं. आन् म्हाळू गेली तर तुला ऱ्हावं लागंल. दोघींतली एकच जानार. मग मी कशाला शिकू? मी ठरीवलं, मला येतच न्हाई. दांडगी कोकरं चुकवायची, म्हंजे जीव जानार न्हाई कुनाचा. बारक्यांना बरूबर लावायची.”

मला शिंगीचं घोगरं कोकरू आठवलं. मग त्या शेवटच्या कोकराबरोबरची तिची नजर आठवली. ती मदत मागत नव्हती.

“आणि मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी तुमी ते वाचलं. सावलीचं.” तिने आणखी एक कोकरू उचललं. “मी ते पान धा येळा वाचलं हुतं, वन्सं. मास्तरांनी इचारलं असतं तर उत्तर बी धडाधड लिवलं असतं. पर ते आपलं गाव हाय हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं. तुमाला ते सरळ दिसलं. मला वाटलं, हिला वाघरीत ठिवायचं म्हंजे पाप हाय.”

“वहिनी.”

“लई मोठं मन केलं असं समजू नगा. लई राग यायचा तुमचा. तुमी दिवाळीला नव्या कपड्यात यायचा अन् मला शिकवलेलं सांगत हिंडायचा, तवा वाटायचं, हिच्या त्वांडात शेण घालावं. दोन-तीन वरसं तसंच वाटायचं. मग इरलं.”

“आणि दहावी?”

“ऱ्हायली.” ती वाकली, एक कोकरू उचललं, लावलं. “आत्याबाई जाईस्तोवर म्हनायच्या, पोरीला वाघरीत घे. तुमचं दादा अजून म्हनत्यात. तिनं सुट्टीत तरी शिकावं, बायकांचं काम हाय. मी संध्याकाळ झाली की तिला पान्याला धाडती. न्हाईतर चुलीम्होरं बशिवती. पर वाघरीत पाय ठिवू देत न्हाई.”

चुलीपाशी अश्विनीने पान उलटलं.

“लेकीला मी एक कोकरू वळखायला शिकीवलं न्हाई,” वहिनी म्हणाली. “आन् शिकीवनार बी न्हाई.”

माझ्या हातात मघाचं कोकरू तसंच होतं आणि ते ओरडत होतं. तिने ते माझ्याकडून घेतलं आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या आईला लावलं.